प्रवेश विनामूल्य, चहा मिळेल

कुंडलिकरावांनी पाटी रंगवून आणली तेव्हा कुशाबाई पडवीत मेथी निवडत बसली होती. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं होती. ‘घोडखोरे वस्तुसंग्रहालय, शिनोली. प्रवेश विनामूल्य. चहा मिळेल.’

तिनं पाटी सावकाश वाचली आणि शेवटच्या दोन शब्दांवर पुन्हा येऊन थांबली.

“अवं, च्या कोण देणार?”

“म्हंजे? तू.”

“मला कुणी इचारलं?”

“च्या करायचा त्यात काय इचारायचं? आल्या पावण्याला कधी न्हाई म्हणतीस का तू?”

ते खरं होतं. आल्या पाहुण्याला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. पण आजवरचे पाहुणे ओळखीचे असत आणि घोडेगावात उतरल्यावर फोन तरी करत. पाटी फाटकाला लागली आणि भीमाशंकरला निघालेली शनिवार-रविवारची माणसं रस्त्याकडेला गाड्या उभ्या करून आत यायला लागली. डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, पायांत चिखलाचे बूट. ती कुंडलिकरावांना ‘काका’ म्हणत. कुशाबाईला काहीच म्हणत नसत. रिकामा कप मात्र तिच्याच हातात देत.

कुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. पान नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही. उभी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. जुन्नर ते घाटघर, घोडेगाव ते भीमाशंकर, मंचर ते डिंभे. दोन तालुक्यांतलं एक वळण असं नव्हतं की जे त्यांच्या हाताला पाठ नव्हतं. “डायवरला थांबता येत न्हाई,” ते म्हणायचे. “काय काय दिसतं रस्त्यानं, पर सगळं मागं पडतं.” रिटायर झाल्यावर ते त्या सगळ्या मागं पडलेल्या गोष्टींपाशी थांबायला लागले. मोटारसायकल काढायची आणि सकाळीच निघायचं. संध्याकाळी परत येताना मागच्या सीटवर काहीतरी बांधलेलं असायचं. कंडक्टरची जुनी तिकिटांची पेटी आली. कंदील आले, बैलांच्या घुंगुरमाळा आल्या, धान्य मोजायची पितळी मापं आली. घाटघरच्या कुणा म्हाताऱ्याचं पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं आलं. डिंभ्याच्या मासेवाल्यानं टाकून दिलेलं मोडकं वल्हं आलं, तेव्हा कुशाबाई म्हणाली, “हे पाण्यात चालंना म्हणून त्यानं टाकलं, ते आता आपल्या घरात चालणार व्हय?”

रविवारी पाहुण्यांना ते कुठं कुठं हिंडवून आणत. नाणेघाटातला दगडी रांजण, आडबाजूची लेणी, कुणाच्या बांधावरचे कोरीव दगड. लोक खूश होऊन परतत आणि म्हणत, “काका, आम्ही पुण्यात राहतो, पण हे इतकं जवळ आहे हे माहीतच नव्हतं.” कुशाबाई कपबशा विसळता विसळता ऐकायची. तिनंही नाणेघाट पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं तिचाच नवरा तिकडची गाडी न्यायचा, पण ती गेली नव्हती. आधी सासू अंथरुणाला होती, मग म्हैस होती, मग आरतीची शाळा होती. आता पाटी होती.

आरती ही त्यांची एकुलती एक मुलगी. मागच्या अंगाला तिच्यासाठी खोली बांधली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीबाहेर शेवगा, आणि लागूनच मोरी आणि बसायचा संडास. घरात तेवढीच एक खोली अशी होती, जिथं माणसाला रात्री अंगण ओलांडावं लागत नव्हतं. आरतीचं लग्न होऊन ती चाकणला गेली, आणि मांडवाच्या कागदी पताका दारावरून उतरायच्या आत त्या खोलीत पहिली मांडणी ठोकली गेली. कुशाबाई तेव्हा बोलली नाही. पोरगी सासरी गेली, खोली रिकामी होती, नवऱ्याचा जीव रमत होता. बोलायचं काय?

मग दगड आला.

डिंभ्याकडच्या रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. कडेला मातीत पुरलेला एक खांबासारखा दगड भरावात जाणार होता. कुंडलिकरावांनी मुकादमाच्या हातापाया पडून तो सोडवला आणि टेंपोत घालून घरी आणला. चार माणसांनी तो मागच्या खोलीत नेला, तेव्हा उंबऱ्याचा एक कोपरा उडाला. खिडकीसमोरच्या भिंतीशी भिका गवंड्यानं सिमेंटचा ओटा केला आणि दगड त्यात पक्का बसवला. कुंडलिकरावांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘सतीशिळा. अंदाजे सातशे वर्षे जुनी.’

दगडावर वर चंद्र-सूर्य होते. खाली घोड्यावरचा एक माणूस होता, तो झिजून गेला होता. आणि मधे, खांबातून बाहेर आल्यासारखा, कोपरात वाकलेला बाईचा हात होता. पंजा उघडा, मनगटात बांगड्या. त्या बांगड्या इतक्या नीट कोरलेल्या होत्या की पहिल्यांदा फडकं मारताना कुशाबाईनं त्या बोटानं चाचपून पाहिल्या. घोडा झिजला, माणूस झिजला, बाईच्या हातातलं तेवढं राहिलं.

दसऱ्याला तिनं नेहमीसारखी सगळ्याची पूजा केली. खुरपी, कोयते, पाण्याची मोटार, मोटारसायकल, मिक्सर. हळदीकुंकवाचं ताट घेऊन ती घरभर फिरत होती, तशीच मागच्या खोलीत गेली. कंदिलांना एकेक बोट लावलं, मापांना लावलं, आणि दगडापुढं आली. बाईचा हात, आणि सणाच्या दिवशी कोरडा. तिला बरं वाटेना. तिनं पंजाच्या मधोमध हळद लावली, त्यावर कुंकू लावलं, ताटातलं झेंडूचं फूल मनगटाशी अडकवलं आणि पुढच्या कामाला गेली. मिक्सरला लावलं तसंच तिनं ते लावलं होतं. मनात दुसरं काही नव्हतं.

आपट्याची पानं द्यायला शेजारची साळुबाई आली होती. तिनं दारातून ते पाहिलं.

“कुशाबाय, ही कंची आई गं?”

“आई न्हाई गं, यांचा दगड हाय.”

“दगड तर सगळ्याच आया असत्यात,” साळुबाई म्हणाली आणि पदर सावरून पाया पडली.

त्याच हिवाळ्यात साळुबाईची सून बाळंतपणाला अडली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मंचरला न्यावं लागेल, पोट कापावं लागेल. साळुबाई घरी कपडे घ्यायला आली. जाता जाता आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून दगडाच्या पायाशी ठेवून गेली. ती दवाखान्यात पोचते तोवर सून आपली आपण मोकळी झाली होती, आणि पोरगं रडत होतं.

आठ दिवसांत दगडाला नाव मिळालं. हातूबाई.

कुंडलिकराव चिडले. दारात उभं राहून त्यांनी बायकांना समजावलं. “आगं बायांनो, ही देवी न्हाई. नवऱ्याच्या चितेवर जळलेल्या बाईची खूण हाय ही!”

“मग बाईचं दुखणं तिला न्हाई कळणार तर कुणाला?” साळुबाई म्हणाली.

“सतीला पुजणं कायद्यानं गुन्हा हाय, म्हायती हाय का?”

“आमी कुठं सतीला पुजतो, भाऊ? आमी हातूबाईला पुजतो.”

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. कुंडलिकराव पुठ्ठा सरळ करून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरही कुंकू होतं.

जे काही व्हायचं राहिलं होतं, ते श्रेयानं केलं. श्रेया ही पुण्याची मुलगी. ‘घराजवळची भटकंती’ असा काहीतरी त्यांचा ग्रुप होता. पोर गोड होती. कुशाबाईला तिनंच पहिल्यांदा ‘काकू’ म्हटलं, स्वयंपाकघरात येऊन बसली, चहाबरोबर भाकरीचा तुकडाही खाल्ला. मग मोबाइल समोर धरून म्हणाली, “काकू, तुम्ही फक्त दिवा लावा. माझ्याकडं बघू नका.” कुशाबाईनं दिवा लावला. तो व्हिडिओ कुठं कुठं गेला देव जाणे. शनिवारी दारात नारायणगावची गाडी होती, ओतूरची होती, एक संगमनेरचीही होती. आणि आत शिरणारी प्रत्येक बाई कुशाबाईच्या पाया पडत होती, कारण व्हिडिओखाली लिहिलं होतं, ‘हातूबाईच्या पुजारीण’.

आता घरात दोन तऱ्हेचे लोक यायला लागले. बूटवाले कंदील बघायचे आणि चहा प्यायचे. अनवाणी बायका हातूबाईपुढं नारळ ठेवायच्या आणि त्याही चहा प्यायच्या. काचेच्या बांगड्यांचा पायाशी ढीग व्हायचा, त्यातल्या पायाखाली येऊन फुटायच्या. रोज संध्याकाळी कुशाबाई वाकून काचा वेचायची. खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची, कारण एकदा रात्रीची उंदरं नारळावर आली होती आणि त्यांनी घाटघरचं इरलं कुरतडलं होतं.

माघ लागता लागता आरतीचा फोन आला. सातवा लागला होता. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. जिना नाही, वाकणं नाही, खाली उकिडवं बसणं नाही.

“सासूबाई म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरीच,” आरती म्हणाली. “मलाही तिथंच यायचंय. आई, मला बाकी काही नको. फक्त माझी खोली दे.”

“तुझीच हाय की,” कुशाबाई म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे म्हणताना आपण उभ्या कुठं आहोत. ती मोरीच्या दारात उभी होती, कारण खोलीत संगमनेरची माणसं होती.

तिनं माळ्यावरून बाज काढली. आरती स्वतः जन्मली तेव्हाची बाज. सुंभ कुजलं होतं, तर घोडेगावातून नवी पट्टी आणून पडवीत बसून विणली. डिंक आणला, अळीव आणले, शेकायची शेगडी मातीनं सारवून वाळत ठेवली. सगळी तयारी झाली. ठेवायची कुठं, तेवढं राहिलं.

“अवं, खोली मोकळी करायची हाय,” तिनं रात्री ताट वाढताना सांगितलं.

“करू की.”

“कधी?”

“पुढल्या रविवारी ग्रुप यायचाय. ते जाऊ दे.”

ग्रुप गेला. मग शाळेची सहल यायची होती, तीही गेली. मग शिवरात्रीची गर्दी. कुंडलिकराव नाही म्हणत नव्हते. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते ‘करू की’ म्हणत होते आणि भाकरी खात होते. शेवटी एका रविवारी कुशाबाईनं शेगडी पेटवलीच नाही. नऊ-दहा माणसं पडवीत बसली होती. कुंडलिकराव आत आले.

“च्या?”

“खोली.”

ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग स्वतः चहा करायला गेले. साखर कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन डबे उघडले आणि तिसऱ्यातलं टाकलं. पडवीतून कुणीतरी म्हणालं, “काका, इकडं चहात मीठ घालतात का?” त्या रात्री कुंडलिकराव म्हणाले, “उद्या भिकाला बोलवतो.”

आणि त्यांनी बोलावलं, हे खरं. कंदील, मापं, पेट्या, वल्हं, सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं पडवीत आणलं. पत्र्याखाली मांडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कुशाबाईला त्यांची दया आली आणि स्वतःचा राग आला. खोलीत फक्त दगड राहिला. भिका पहार घेऊन ओट्यापुढं उकिडवा बसला.

पहिला घाव पडला आणि आवाज शेजारी गेला. साळुबाई पिठाच्या हातांनी धावत आली. तिच्यामागं आणखी चौघी-पाचजणी.

“काय करता रं?”

“हलवायचा हाय, मावशे. पडवीत न्यायचा.”

“भिका,” साळुबाई हळू आवाजात म्हणाली, “तुझी बायकू पोटुशी हाय ना?”

भिकानं वर पाहिलं.

“आता मार घाव. आमी न्हाई म्हणत न्हाई. मार.”

भिकानं पहार भिंतीला टेकवली. कुंडलिकरावांकडं बघत म्हणाला, “भाऊ, दुसरा कोण बघा. मला मोटार दुरुस्तीला जायचंय.” आणि पहार तिथंच ठेवून गेला. दुसरा कोण मिळणार होता? ज्याच्या घरात कुणी पोटुशी नव्हती, त्याची बहीण होती, मेव्हणी होती.

“साळूबाय,” कुशाबाई कळवळून म्हणाली, “आगं माझी पोर यायची हाय बाळंतपणाला. तिला निजवू कुठं?”

“मग चांगलंच की! हातूबाईच्या पायाशी निजंल. एवढं भाग्य कुणाला मिळतं?”

कुशाबाईला एकदम हलकं वाटलं. हे तिला सुचलंच नव्हतं. दगड राहू दे भिंतीशी, बाज खिडकीशी टाकू, मधे पडदा लावू. तेवढ्यात साळुबाईच्या मागं उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “आन् सुयेर? बाळंतिणीचा बारा दिसांचा सुयेर देवीच्या खोलीत? येडी का खुळी तू, साळे?”

साळुबाईनं जीभ चावली. ते तर कुणी नाकारू शकत नव्हतं. बाळंतिणींना पावणारी हातूबाई, पण बाळंतिणीचा विटाळ तिला चालणार नव्हता. दगड बाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून आरती आत येऊ शकत नव्हती. कुशाबाईनं कुंडलिकरावांकडं पाहिलं. ते भिंतीला टेकवलेल्या पहारीकडं बघत होते. तीस वर्षं ज्यानं घाटात गाडी मागं घेतली, त्या माणसाला इथं मागं-पुढं काहीच सुचत नव्हतं.

“दसऱ्याला तूच कुकू लावलंस,” ते एवढंच म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. तिला वाटलं, रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

फाल्गुनात आरती आली. सोबत तिच्या सासूबाई होत्या, सोय बघायला. चाकणच्या बंगल्यातली बाई, पण कष्टाळू. बोलणं सावकाश आणि मोजकं. तो मंगळवार होता आणि दारात बायकांची रांग होती. आरती पोट सांभाळत गाडीतून उतरली आणि सवयीनं सरळ मागच्या खोलीकडं गेली. दारात बसलेल्या एका अनोळखी बाईनं तिला अडवलं.

“ओ ताई, चपला बाहेर. कितवा म्हयना?”

“आठवा.”

“मग पुढं जावा, तुमाला रांग न्हाई. बांगड्या आणल्यात का?”

आरतीनं चपला काढल्या. लहानपणापासून ज्या उंबऱ्यावर बसून ती वेणी घालायची, त्याचा उडालेला कोपरा तिनं पायानं चाचपला आणि आत पाहिलं. तिच्या खिडकीत उदबत्तीचा डबा होता. खिडकीबाहेर शेवगा तेवढा होता. तिचा खालचा ओठ थरथरला. शाळेत असताना मार्क कमी पडले की थरथरायचा, तसा.

कुशाबाईनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. बोलता बोलता ती सगळे पर्याय सांगत गेली. पुढच्या खोलीत बाज टाकू. रात्रीला भांडं ठेवू, बाहेर जायला नको. पडवीला ताडपत्री लावू. बोलताना तिला स्वतःलाच ऐकू येत होतं, की पुढच्या खोलीतून येणारे-जाणारे सगळे जातात, आणि ताडपत्रीच्या पलीकडं कंदील आहेत. मधेच एक बूटवाला स्वयंपाकघराच्या दारात डोकावला. “काकू, चहा मिळेल ना? पाटीवर लिहिलंय.”

आरतीच्या सासूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग पदरानं कपाळ टिपलं.

“इहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. देवळात कुणी करत नाही.”

“मी एकटी सगळं करीन वो. तुमी नका काळजी करू.”

“तुम्ही कराल, ते मला माहितीय,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला करू देतील का?”

बूटवाला अजून दारातच उभा होता. कुशाबाईनं उठून आधण ठेवलं. तिच्या हातांनी ते ठेवलं, ती त्यांना थांबवू शकली नाही. आरती त्या हातांकडं बघत होती. संध्याकाळी त्याच गाडीनं ती सासूबाईंबरोबर परत गेली. डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा मांडीवर घेतला. गाडी वळताना काच खाली करून म्हणाली, “अण्णांना बोलू नको काही.” कुंडलिकराव फाटकाशीच उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि पाटीवरची धूळ रुमालानं पुसायला लागले.

रात्री त्यांनी मोकळी बाज बघितली आणि कंदील तिच्यावर मांडून ठेवले. खाली ठेवले तर ओल लागते म्हणून.

वैशाखात आरतीला मुलगी झाली. फोन आला तेव्हा सकाळ होती. कुशाबाईनं लुगड्याच्या निऱ्या खोचायच्या आत बातमी रस्त्यापलीकडं गेली होती. साळुबाई गूळ घेऊन आली. “पावली का न्हाई हातूबाई? मी म्हणलं नव्हतं?” बायका एकमेकींना गूळ देत होत्या. कुशाबाईनं गूळ तोंडात टाकला. चाकणच्या पोरीला इथल्या दगडानं सोडवलं म्हणून सगळ्या आनंदात होत्या. पोर जिथं नव्हती तिथं तिचं सगळं चाललं होतं.

तिला लगेच जायचं होतं. पण तो आठवडा लग्नतिथींचा, मंगळवार-शुक्रवार गर्दीचे, कुंडलिकरावांना डिंभ्याला काही मंडळींना न्यायचं होतं. ती गेली ती थेट बारशाला. शिनोलीहून घोडेगाव, घोडेगावहून मंचर, मंचरहून चाकणची गाडी. सोबत टोपरं, दुपटं, अळिवाचे लाडू. कुंडलिकराव दुपारून येतो म्हणाले होते.

आरतीला जिन्याखालची छोटी खोली दिली होती. खोली अंधारी होती, पण स्वच्छ होती. न्हाऊ घालायला ठेवलेली बाई नुकतीच गेली होती. बाळाच्या टाळूवर तेल चमकत होतं. कुशाबाईला वाटलं होतं, आज तरी आपण न्हाऊ घालू. तिनं हात धुतले, शेगडीवर शेकले आणि बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं डोळे न उघडताच मूठ बाहेर काढली. मनगट इतकं बारीक, की तिनं आणलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या कोपरापर्यंत गेल्या. आरती हसली. फार दिवसांनी हसली असावी.

“आई, माझी बाज विणली होतीस ना?”

“विणली व्हती.”

“कुठंय?”

“पडवीत हाय.” कुशाबाई थांबली. “कंदील मांडल्यात तिच्यावर.”

आरतीनं मान हलवली. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. कुशाबाई बाळाकडं बघत राहिली.

“आई, फोन.”

“वाजू दे.”

तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. बाळ दचकलं, ओठ वाकडे करून पुन्हा झोपलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आरतीच्या सासूबाई दारात आल्या. “घ्या ना. तिकडं कुणाचं खोळंबलं असेल.”

कुंडलिकराव होते. “आगं, खोलीची किल्ली कुठं हाय?”

कुशाबाईचा हात कमरेला गेला. किल्ली तिथंच होती. सकाळी निघायच्या घाईत, रोजच्या सवयीनं तिनं कुलूप लावलं होतं आणि किल्ली खोचली होती. चाकणपर्यंत ती तिच्या अंगावर आली होती आणि तिला कळलंही नव्हतं.

“माझ्याजवळ हाय.”

“आता गं! दारात गाडीभर बाया हायत. कोण ती नवव्या म्हयन्याची आलीय आळेफाट्यावरनं, उन्हात बसलीय, दर्शनाबिगर हलत न्हाई म्हणती. साळूबाय म्हणती कुलूप तोडायचं न्हाई, अपशकुन हुतो. मी काय करू?”

“तुमी येणार व्हता ना बारशाला?”

“कसा येऊ? ह्यांना सोडून?”

कुशाबाईनं दुपटं सारखं केलं. मांडीवरच्या बाळाचा श्वास तिच्या पोटाला लागत होता. नवव्या महिन्याची एक पोर उन्हात बसली आहे, हे तिला दिसत होतं. तिची आई तिला धरून बसली असेल, हेही दिसत होतं.

“तिला पडवीत घ्या. कंदील काढा आन् बाजेवर निजवा,” ती म्हणाली. “पानी द्या. मी येते.”

फोन ठेवून तिनं वर पाहिलं. आरतीनं हात पुढं केले होते. ती रागावली नव्हती. कुशाबाईनं बाळ तिच्या हातांत दिलं. देताना एक मनगटी निसटली, ती पुन्हा घालायला बाळाची मूठ धरली, पण मूठ आरतीच्या पदरात गुंतली होती. मनगटी तिनं बाजूला उशाशी ठेवली.

“पाळण्यात घालायला तरी थांबायचं ना,” आरती म्हणाली.

“सांजची गाडी मग घोडेगावच्या पुढं मिळत न्हाई गं.”

ती चप्पल घालत असताना आरतीच्या सासूबाई आतून एक पिशवी घेऊन आल्या. नारळ, खण आणि हिरव्या बांगड्यांचा एक डझन, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.

“आमच्याकडून ठेवा,” त्या थोड्या अवघडून म्हणाल्या. “मी तेव्हा बोलले ते बोलले. पण पोर सुखरूप सुटली हो. काय सांगावं?”

कुशाबाईनं पिशवी घेतली. आत पाळण्याला फुलं बांधायचं काम चाललं होतं, कुणीतरी नाव काय ठेवायचं म्हणून विचारत होतं. तिला ऐकायचं होतं, पण मंचरची गाडी स्टँडात लागायची वेळ झाली होती.

गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. वाकल्यावर कमरेला किल्ली टोचत होती. बांगड्या फुटू नयेत म्हणून तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी खड्ड्यात गेली की दोन्ही हातांनी धरून ठेवली.